वाकळेतली भट्टी आणि चिमूटभर हळद

कोल्हापूरहून इचलकरंजी, तिथून गारगोटी आणि गारगोटीहून परत कोल्हापूर. एवढ्या प्रवासाचं वर्णन कुणी लिहीत नाही. एवढा प्रवास लोक लग्नाच्या पत्रिका वाटायला करतात आणि जेवायला घरी येतात. आम्ही तो भट्टी घेऊन केला, म्हणून लिहितो आहे. आणखी एक कारण आहे, ते ओघात येईलच. मी फारसं बोलणारा माणूस नाही. वर्गात बोलावं लागतं म्हणून बोलतो, घरी तेवढंही नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच थोडी भीती वाटते आहे.

भट्टी म्हणजे विजेवर तापणारी लोखंडी पेटी. आकार जुन्या टीव्हीएवढा आणि वजन दोघांना कण्हायला लावेल इतकं. तिच्यात मूस ठेवायची, मुशीत बोरिक पावडर, झिंक ऑक्साइड आणि वर अगदी चिमूटभर दुर्मीळ मृदा. नावात मृदा असली तरी ती शेतात सापडत नाही, औषधाच्या असतात तसल्या इवल्या बाटलीतून येते. सगळं वितळून मधासारखं झालं की पितळी पाट्यावर ओतायचं, दुसऱ्या पाट्यानं दाबायचं आणि हळूहळू निववायचं. हाती येते ती रुपयाच्या नाण्याएवढी काच. त्या चिमटीत निओडिमियम असेल तर काच जांभळट होते आणि लेसरच्या कामाला येते. ती आमची तयार होती, डबीत कापसावर निजलेली होती. राहिली होती पांढऱ्या उजेडाची काच. तिच्यात थुलियम निळा उजेड देतं, डिस्प्रोसियम पिवळा. दोघांचं प्रमाण जमलं की अतिनील दिव्याखाली काच पांढरी उजळते. असल्या काचेच्या मागे तेव्हा जगभर लोक लागले होते. आम्ही कोल्हापुरात लागलो होतो, आणि कोल्हापुरात वीज नव्हती.

भारनियमनाचे दिवस होते. वीज सकाळी जायची, दुपारी तोंड दाखवून परत जायची. काच अर्धी वितळायची आणि तशीच थिजायची. विद्यापीठात आमच्याकडे जनरेटर होता, पण तो परीक्षा विभागाच्या पंख्यांसाठी राखीव होता. त्यासाठी भांडायला हवं होतं. मी अर्ज केला आणि गप्प बसलो.

काच होती शैलजाच्या प्रबंधाची. शैलजा गारगोटीच्या कॉलेजात शिकवायची आणि अभ्यासरजा घेऊन माझ्या हाताखाली काम करत होती. पस्तिशीची, हसतमुख, आणि माझ्या गप्प बसण्याला मोठेपणा समजणारी. तिची रजा संपत आली होती. आमचे एक सहकारी शनिवारी सकाळच्या गाडीनं दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत नमुने मोजायला घेऊन जाणार होते. तिथली पाळी चुकली तर पुढची वर्षभरानं. म्हणजे शनिवारच्या आत पांढरी काच झाली तर शैलजाचा प्रबंध, नाहीतर पुन्हा गारगोटीत प्रॅक्टिकलच्या वह्या.

"सर, वीज आपल्याकडं येत नसेल तर आपण विजेकडं जाऊ," असं तीच म्हणाली.

इचलकरंजी

हमीदभाई शैलजाच्या वडिलांचे जुने स्नेही. त्यांची यंत्रमागाची शेड होती आणि आठवड्यातल्या त्या दिवशी त्यांच्या भागात वीज जायची पाळी नव्हती. त्यांनी टेंपो पाठवला. भट्टीला खरचटू नये म्हणून शैलजानं तिला घरच्या वाकळेत गुंडाळलं.

शेडच्या दारात उतरलो आणि पुढचा वेळ मला काही ऐकूच आलं नाही. मागाचा आवाज कानात नाही, दातात येतो. तिथले लोक त्या खडखडाटात एकमेकांशी व्यवस्थित बोलतात, थट्टा करतात, उसनं मागतात. मला वाटलं, अशा ठिकाणी माझा जन्म जायला हवा होता. गप्प राहिलं तरी कुणाला कळत नाही.

हमीदभाईंनी कोपऱ्यातले चार माग बंद करून आम्हाला जागा दिली. वाकळ सोडल्यावर ते भट्टीकडे निरखून बघत राहिले.

"सर, हे नवं मशीन म्हणायचं का जुनं?"

"जुनंच आहे. आमच्याकडे दहाएक वर्षं."

"आमच्या शेडात तर पयल्यांदाच आलं न्हवं? मग नवंच की. ए आक्का, नारळ आण!"

त्या शेडचा रिवाज असा, की नवं मशीन आलं की पूजा कामगार करतात आणि नारळ हमीदभाईंच्या पैशाचा असतो. त्यांच्या वडिलांपासून असंच चालत आलेलं. आक्का म्हणजे मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांतली सगळ्यात वडील. तिनं भट्टीला हळदीकुंकवाची बोटं ओढली, हार घातला. भट्टीला नमस्कार करायचा माझा तो पहिलाच प्रसंग. आमच्याकडे दसऱ्याला उपकरणांवर फूल ठेवतात, तेही शिपाई ठेवतो आणि आम्ही बघितलं नाही असं दाखवतो. इथं सगळी शेड हात जोडून उभी होती, मी खिशातले हात काढले.

काच सुरेख झाली. शैलजानं मूस चिमट्यात धरून एका दमात ओतली. लाल मध पाट्यावर पसरला तेव्हा मागावरचे लोक माग सोडून आले आणि इकडे दोन ठिकाणी धागा तुटला. संध्याकाळी निवलेली चकती हातात आली. शैलजा पाटे धुवायला मोरीकडे गेली. मी चकती रुमालावर ठेवून चहाचा कप घेतला. तेवढ्यात आक्का आली, तिनं हळदीत अंगठा बुडवला आणि चकतीवर टेकवला.

"बाळ जल्माला आलं की हळद लावाय नको?" ती मला म्हणाली.

मी बघत होतो. "नको" हा शब्द तोंडाशी आला होता. आक्का हसली, मीही हसलो, चकती रुमालानं पुसली आणि शैलजाच्या हाती दिली. जे घडलं ते एवढंच.

शेडमधले दिवे घालवले. हमीदभाईंनी गल्ल्यातून नोटा तपासायचा, सेलवर चालणारा निळा दिवा काढला. त्याखाली चकती पांढरी उजळली. पांढरी म्हणजे अशी पांढरी, की मी तीन वर्षांत पाहिली नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शैलजानं तोंडावर हात घेतला. माझ्या मनात त्याच क्षणी हळद आली. हळददेखील असल्या दिव्याखाली पिवळी चमकते, हे मी बीएस्सीच्या पोरांना दरवर्षी सांगतो.

"सर, झालं!" शैलजा म्हणाली.

मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते आजही सांगता येणार नाही.

रात्री हमीदभाईंकडे जेवण. आमच्या घरी पाहुण्याला "जेवणार का?" असं विचारतात, इथं "हात धुवा" म्हणतात. त्यात नाही म्हणायची सोय नसते. मटणाचा रस्सा असा होता, की डोळ्यांतून पाणी आलं तरी कुणाला कारण विचारावंसं वाटलं नाही. त्याचा मी फायदा घेतला.

गारगोटी

हमीदभाईंनी फोनवरून शैलजाच्या वडिलांना बातमी कळवली होती. दुसऱ्या दिवशी हमीदभाईंचाच टेंपो धोतरांचे गठ्ठे घेऊन गारगोटीकडे निघाला होता. "भट्टीसकट या, संध्याकाळी विहारात सत्कार ठेवलाय," असा निरोप आला. धोतरांच्या मऊ गठ्ठ्यांवर भट्टी, भट्टीला टेकून मी. उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या, दोन्ही बाजूला तोडलेली शेतं होती, आणि माझ्या खिशातल्या डबीत ती चकती होती.

शैलजाचे वडील, सोपानराव, एसटीत मेकॅनिक होते. निवृत्त झाले तरी डेपोतल्या आवाजात बोलतात. "या सर! आमच्या पोरीनं पांढरा उजेड केला म्हनं! हिकडं तर साधा पिवळा बी येत न्हाय, सहा वाजल्यापास्नं अंधार!"

मी हात धुवायच्या निमित्तानं मागच्या मोरीत गेलो, चकतीला साबण लावला, खळाखळा धुतली. हमीदभाईंनी तो नोटांचा दिवा आम्हाला भेटच दिला होता. मोरीचं दार लावून मी तो पेटवला.

चकती निळी होती. स्वच्छ, थंड निळी. डिस्प्रोसियम कमी पडलं होतं, बाकी काही नाही.

आता मला बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. बाहेर शैलजाची आई शेजारणीला सांगत होती, की सर म्हणजे देवमाणूस, एका शब्दानं पोरीला बोलले नाहीत. मी दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "वहिनी, जरा हळद मिळेल का? बोट कापलं."

बोट कापलं की हळद हे आपल्याकडे कुणी पडताळून बघत नाही. त्या माउलीनं हळद तेलात कालवून वाटीत दिली, वर धुतलेल्या धोतराची चिंधी दिली. मी परत मोरीत. एक थर दिला, जास्त पिवळं झालं. पुसलं, पुन्हा दिला. काठाला थोडी कमी, मध्ये बेताची. आयुष्यातलं सगळ्यात काटेकोर प्रमाण मी त्या मोरीत जमवलं. मग न कापलेल्या बोटाला चिंधी गुंडाळून बाहेर आलो.

त्या बोटाचं पुढं काय झालं विचारू नका. सोपानरावांनी ते उंच धरायला लावलं. शेजारच्या कंपाउंडरनं धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का विचारलं, आणि मी गप्प बसलो म्हणून देऊनच टाकलं. जेवताना वहिनींनी मला चमचा दिला आणि नाचणीची भाकरी कुस्करून वाढली. समोर झणझणीत खर्डा होता आणि मी देवमाणसासारखा चमच्यानं जेवत होतो.

विहारात माणसं दाटीनं बसली होती. भारनियमन असल्यामुळे दिवे घालवायची गरज पडली नाही. शैलजानं चकती वर धरली, दिवा लावला. पांढरा उजेड! पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. सोपानराव बोलायला उभे राहिले, आणि डेपोतल्या आवाजाचा तो माणूस नुसता, "माझी पोरगी," एवढं म्हणून खाली बसला.

मला शाल घातली. कापलेलं बोट सांभाळून घातली.

परतीची एसटी

शुक्रवारी दुपार उलटल्यावर आम्ही कोल्हापूरच्या गाडीत बसलो. भट्टी चढवायला सोपानराव स्वतः आले आणि चढवल्यावर "कोल्हापूर डेपोपातूर येतो" म्हणून आतच बसले. कंडक्टर त्यांच्याच जुन्या डेपोतला. वाकळेकडे बघून तो म्हणाला, "काका, टीव्ही घेतला व्हय? याला हाफ काढू का फुल?"

"टीव्ही न्हवं रे, भट्टी हाय."

"मग फुलच की. मोठी दिसत्या."

शैलजा माझ्या शेजारी बसली होती. उद्या काच गाडीत चढणार, तिकडची मोजणी होणार. तिथल्या यंत्राला हळद लगेच कळते. काचेचा आलेख सुयांसारखा टोकदार येतो, हळदीचा पसरट, उशीसारखा. तो आलेख बघून लोक काय म्हणतील ते मला स्पष्ट दिसत होतं. म्हणतील, गारगोटीच्या बाईनं काचेला हळद फासली. माझं नाव कुणी घेणार नाही. मी नमुना तयार केला नव्हता, मी तर फक्त गप्प बसलो होतो.

"सर, बोट दाखवा बघू. चिंधी बदलते," शैलजा म्हणाली.

"शैलजा, हळद होती," मी म्हणालो. खिडक्यांच्या काचा खडखडत होत्या.

"काय सर?"

"हळद. काचेवर."

"बोटावर? हां, आईनं दिली ती."

मी दम घेतला आणि जन्मात ओरडलो नव्हतो तेवढ्यानं ओरडलो. नेमकी त्याच वेळी गाडी एका थांब्यावर थांबली आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

"हळद मी लावली होती!"

सगळी गाडी मागे वळली. पलीकडच्या बाकावर पांढरी टोपी, पांढरं धोतर असे एक आबा बसले होते. त्यांनी चौकशी केली, "कुनाला लावली, मास्तर? लगीन कुनाचं हाय?"

आता थांबणं शक्य नव्हतं. मी सगळं सांगितलं. आक्काचा अंगठा, मोरी, वाटी, चिंधी. आधी शैलजाला सांगत होतो, मग कळलं की गाडीला सांगतो आहे. बोटाची चिंधी सोडून दाखवली. बोट धडधाकट होतं. शेवटी धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही सांगितलं, कारण दंड अजून दुखत होता.

शैलजानं डबी काढली, चकती पाण्याच्या बाटलीनं धुतली, पदराला पुसली. बाहेर अंधार पडत आला होता. "कंडक्टरदादा, दिवे घालवा जरा," ती म्हणाली. त्यानं घालवले. तिनं निळा दिवा पेटवला.

चकती निळी दिसली. माझं बोट पिवळं चमकलं. आणि आबांची टोपी, धोतर, सदरा, सगळं असं लख्ख पांढरं उजळलं, की पुढच्या बाकावरचं पोर घाबरून रडायला लागलं.

"आयला!" आबा स्वतःकडे बघत म्हणाले. "तीन वर्सं तुमी हे हुडकत हुता? माझ्या टोपीत हुतं की!"

"कपड्याच्या सफेदीच्या पावडरीमुळं होतं ते, आबा," शैलजा म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काल विहारात बाबा बोलायला उभे राहिले तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही शाल घेतली."

"हो."

मागच्या बाकावरून सोपानराव झुकले. "निळा निघाला म्हंजे? निळ्यात लाजायचं काय हाय? आपला झेंडाच निळा हाय!"

"बाबा, प्रबंधात झेंडा चालत नाही!" शैलजा ओरडली, आणि पुढच्याच क्षणी तिला हसू फुटलं. हसता हसता रडायला लागली. माझी शाल पुढे करायची बुद्धी झाली होती, ती मी आवरली.

डोळे पुसून तिनं पिशवीतली इवली बाटली दिव्यासमोर धरून बघितली. तळाशी डिस्प्रोसियम होतं, थोडंसं. "काच फोडून परत वितळवता येईल. वीज पाहिजे."

"कारखान्याचा फाटा आला," कंडक्टर म्हणाला. "त्यांची सोताची वीज हाय. हंगाम चालू हाय, रातदिस जळतंय."

कारखाना

भट्टी उतरवली. आम्ही तिघं उतरलो आणि पाठोपाठ आबा उतरले.

"आबा, तुम्हाला कोल्हापूरला जायचंय ना?"

"लेकीकडं निगालोय. ती कुठं पळून जात्या? मी उजेड बगूनच जानार. माझी टोपी हाय ह्यात."

साखर कारखान्याच्या हद्दीत शिरलं की मळीचा वास आणि उसाचा गोडवा एकदमच नाकात जातात आणि भूक लागावी की मळमळावं ते कळत नाही. सोपानरावांचा एक ओळखीचा तिथं निघाला, त्यांचे ओळखीचे सगळीकडे निघतात. कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या केमिस्टनं, शिंदे त्यांचं नाव, भट्टी लावायला जागा दिली आणि आम्हाला उसाचा रस. वीज कशी असते ते मी तिथं पाहिलं. दिवे एकदाही लुकलुकले नाहीत.

शैलजानं चकती खलात फोडली. तीन वर्षांचं काम कुरकुर आवाज करत भुगा झालं. बाटलीतलं डिस्प्रोसियम तिनं त्यात झटकलं, बाटलीच्या बुडावर टिचकी मारून उरलेलंही झटकलं. ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. "चिमटा द्या. पाटा तापवा. बाजूला व्हा." मी देत होतो, तापवत होतो, बाजूला होत होतो.

मूस लाल झाली. ओतायची वेळ आली. तेवढ्यात शिंदे आतून हसत आले, हातात ताट. नारळ, कुंकू, हळद. "पहिल्यांदाच आमच्या लॅबमध्ये असलं काम होतंय, म्हटलं जरा..."

"थांबा!" मी म्हणालो. म्हणालो कसला, ओरडलो. काचेची भांडी किणकिणली. "हळद आत आणायची नाही! एक कण नाही! ताट बाहेर!"

शिंदे दारातच थिजले. सोपानराव बघत राहिले. शैलजानं मूस चिमट्यात धरली होती, ती जराही हलली नाही. फक्त म्हणाली, "बरोबर आहे, सर," आणि ओतली.

शिंद्यांची मी नंतर माफी मागितली. बाहेर जाऊन आम्ही दारातल्या पाण्याच्या पंपाला नारळ फोडला आणि खोबरं रसाबरोबर खाल्लं.

चकती निवली तेव्हा आबांना डुलकी लागली होती. त्यांना उठवलं, कारण तुलनेला टोपी हवी होती. दिवे घालवले. शैलजानं एका हातात चकती आणि एका हातात टोपी धरली. निळा दिवा मी धरला होता, धुतलेल्या हातानं.

उजेड आला. निळा नव्हता.

"सर," शैलजा हळूच म्हणाली, "पांढरा म्हणायचं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. अंधारात चेहरे दिसत नव्हते, टोपी तेवढी दिसत होती. आजवर अशा वेळी मी मान हलवत आलो होतो.

"जरा पिवळट आहे," मी म्हणालो.

मग आबांनी टोपी घेतली, डोक्यावर घातली, चकतीवर वाकले.

"पिवळट हायच. पर आमच्या घरात असला उजेड आला तर मी पिवळट म्हननार न्हाय."

"पांढरा, जरा पिवळसर," शैलजा म्हणाली. "असंच लिहिते." आणि चकती कापसावर ठेवली, जांभळटच्या शेजारी.

पहाटेच्या एसटीनं आम्ही कोल्हापूर गाठलं आणि सकाळी सहकारी डबी घेऊन गाडीत चढले. मी भट्टीसकट रिक्षानं घरी पोचलो तो दंड धरून. बायकोनं दार उघडलं, आधी वाकळेत गुंडाळलेली भट्टी बघितली, मग खांद्यावरची शाल, मग पिवळं बोट.

"काय झालं?" तिनं विचारलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं उत्तराची वाट न बघता ती आत वळली.

"थांब," मी म्हणालो. "बस जरा. सांगतो."

ती घाबरून खाली बसली.